चाळीस लाख तासांचा हिशेब

सुमारे शंभर वर्षांपूर्वी चीनमधल्या एका विचारवंतानं एक गणित मांडलं. देशभरात रोज निदान दहा लाख टेबलांवर माहजाँग हा सोंगट्यांचा खेळ मांडला जातो असं धरा. प्रत्येक टेबलावर फक्त आठ फेऱ्या, एका फेरीला अर्धा तास. म्हणजे रोजचे चाळीस लाख तास झाले. दिवसांत मोजले तर 1 लाख 67 हजार दिवस. एवढं आयुष्य हा देश रोज सोंगट्या पिसण्यात घालवतो, आणि वर आपण मागे का पडलो म्हणून विचारतो!

हे गणित मांडणाऱ्याचं नाव हू शी. पंडिती भाषेत कोंडलेल्या चिनी साहित्याला बोलीभाषेच्या मोकळ्या हवेत आणणाऱ्यांत तो आघाडीवर होता. आपल्या आगरकरांच्या जातकुळीतला माणूस, म्हणून त्याचा शब्द हलक्यानं घेता येत नाही. अफू, मुलींचे पाय बांधण्याची रीत आणि सरकारी परीक्षांतला साचेबंद 'आठ कलमी' निबंध या देशाच्या तीन पिशाच्चांच्या रांगेत त्यानं माहजाँगला चौथं म्हणून उभं केलं.

पुढच्या राज्यकर्त्यांची नजरही तीच राहिली. 1949 नंतर माहजाँग जुगार म्हणून दडपला गेला. सांस्कृतिक क्रांतीत तर घरात संच सापडणं हाच अपराध ठरे. 1980 च्या दशकात तो पुन्हा उघड्यावर आला, पण संशय संपला नाही. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये जिआंग्शी प्रांतातल्या युशान परगण्यात पोलिसांनी सगळी माहजाँग-घरं बंद करण्याची सूचना काढली. लोकांनी इतका आरडाओरडा केला की प्रशासनाला आपलं म्हणणं सौम्य करावं लागलं. म्हातारी माणसं विचारत होती की मग आम्ही दिवसभर बसायचं कुठे. प्रश्न साधा होता आणि मला तो हू शीच्या गणिताला दिलेलं उत्तर वाटतो.

त्या गणितातल्या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यात फक्त खर्चाची बाजू आहे, जमेची बाजू धरलेलीच नाही, ही माझी तक्रार आहे. टेबलाभोवती चार माणसं चार तास बसली तर त्या चार तासांत त्यांच्यामध्ये काय उगवलं? ते सरकारी दप्तरात नोंदलं जात नाही, पोलिसांच्या पंचनाम्यात येत नाही. ते नोंदवलं आहे चिनी कथा-कादंबऱ्यांनी. पट, सोंगट्या आणि टाइल्स यांच्याभोवती वाढलेली नाती या साहित्यात इतक्या ठिकाणी आणि इतक्या नेमकेपणानं आली आहेत, की खेळावर बंदी घालणाऱ्यांनी आणि खेळातून फक्त बुद्धी वाढवू पाहणाऱ्यांनीही ती साक्ष ऐकायला हवी.

पहिली साक्ष मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो.

1984 साली शांघायच्या एका साहित्यिक मासिकात आ छंग या लेखकाची 'छी वांग' ही दीर्घकथा आली. बुद्धिबळाचा राजा, असा त्या शब्दांचा अर्थ. हे बुद्धिबळ म्हणजे श्यांगछी, चिनी बुद्धिबळ. आपल्या चतुरंगाशी त्याचं नातं बरेच अभ्यासक सांगतात, आणि पट पाहिला की ओळख पटतेही: हत्ती आहे, घोडा आहे, रथ आहे, प्यादी आहेत. पण मोहरे घरात बसत नाहीत, रेघांच्या छेदांवर बसतात. पटाच्या मधोमध एक नदी वाहते. हत्तीला ती ओलांडता येत नाही. प्यादं ओलांडू शकतं, मात्र मागे कधीच फिरू शकत नाही. तोफ नावाचा एक मोहरा आहे, त्याला मारायचं असेल तर मध्ये दुसरं कुणीतरी असावं लागतं, त्याच्यावरून उडी घेऊनच तो मारतो. आणि एक नियम मला फार आवडतो: दोन सेनापती एका सरळ रेघेत उघडे समोरासमोर येऊ शकत नाहीत. त्यांच्यामध्ये कुणीतरी असलंच पाहिजे.

कथेचा काळ सांस्कृतिक क्रांतीचा. शहरातल्या शिकलेल्या पोरांना दूरच्या शेतांवर आणि जंगलांत राबायला पाठवलं जात होतं. आ छंग स्वतः त्यातूनच गेलेला. स्टेशनवर निरोपाची गर्दी आहे, आणि डब्यात एक हडकुळा मुलगा बसलेला आहे. त्याला समोर बसून खेळायला कुणीतरी हवं आहे, बाकी काही नको. त्याचं नाव वांग यीशंग. त्याला दोनच गोष्टींचं भान आहे, जेवण आणि श्यांगछी. जेवताना तो सांडलेलं शीतन् शीत वेचतो. शेवटी डब्यात गरम पाणी ओतून वर तरंगलेला तेलाचा तवंगही पिऊन टाकतो. ज्यानं भूक पाहिली आहे त्यालाच हे जमतं.

हा खेळ त्याच्या आयुष्यात आला तोही गरिबीच्या वाटेनं. आई छापखान्यातून पुस्तकांची पानं दुमडायचं काम घरी आणायची. मुलगा हाताशी बसायचा. एकदा दुमडायला आलेली पानं श्यांगछीवरच्या पुस्तकाची निघाली, आणि पोराला वेड लागलं. आई हबकली. यानं पोट भरत नाही, आधी शीक, कामाला लाग, मग काय खेळायचं ते खेळ, असं तिचं म्हणणं. म्हणजे हू शीनं पुस्तकात मांडलेला हिशेब ही निरक्षर बाई रोज जगत होती, आणि तिच्या जागी तो हिशेब खराच होता. तिच्या घरात वाया घालवायला एक तासही नव्हता.

मरण्यापूर्वी याच आईनं मुलाच्या हातात एक संच ठेवला. लोकांनी टाकून दिलेल्या दातांच्या ब्रशांच्या दांड्या तिनं वेचल्या होत्या आणि घासून घासून त्यांचे बत्तीस मोहरे केले होते. मोहऱ्यांवर अक्षरं नव्हती. चिनी मोहऱ्यावर घोडा की तोफ हे अक्षरानंच कळतं, आणि तिला लिहिता येत नव्हतं. चुकीचं कोरलं जाईल या भीतीनं तिनं ते कोरे ठेवले. अक्षरं तूच कोरून घे, असं तिनं त्याला सांगितलं.

वांग यीशंगनं ते कधीच कोरले नाहीत.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. ज्या खेळाला ती वेळेचा नाश म्हणत होती, त्याच खेळाचे बत्तीस मोहरे घासायला तिला किती रात्री लागल्या असतील? दिवसभर राबून, औषधाला पैसे नसताना? हे तास हू शीच्या वहीत कुठे मांडायचे? खर्चात मांडले तर ती बाई मूर्ख ठरते. आणि तिला मूर्ख ठरवणारा हिशेब मला मान्य नाही.

कथेत आणखी एक पट आहे, आणि लेखकानं तो मुद्दाम या पटाशेजारी ठेवला आहे. नी बिन नावाचा उंच, सुखवस्तू घरातला मुलगा, त्याच्याकडे घराण्यातून आलेला काळ्या लाकडाचा मौल्यवान संच असतो. वांग यीशंगला स्पर्धेत घ्यावं (आणि आपली बदलीही व्हावी) म्हणून तो हा संच पक्षाच्या सचिवाला देऊन टाकतो. वांग यीशंगला हे कळतं आणि तो स्पर्धेत खेळायला नकार देतो. मित्राच्या वडिलोपार्जित पटाचा सौदा करून मिळालेली जागा त्याला नको. एक संच फेकलेल्या प्लास्टिकचा, त्याला बाजारात किंमत नाही. दुसरा इतका किमती की त्यानं सचिवही वळतो. मुलगा कुणासमोर मान खाली घालतो, हे सांगायला आ छंगला एक वाक्यही खर्चावं लागत नाही.

मग तो स्पर्धेबाहेर विजेत्यांना आव्हान देतो. एकाच वेळी नऊ डाव, पटाकडे न पाहता. गाव लोटतं. शेवटी उरतो स्पर्धेतला पहिला, एक म्हातारा जाणकार, जो घरी बसून निरोप्यांकरवी चाली पाठवत असतो. तो स्वतः आधार घेऊन बाहेर येतो आणि बरोबरी मागतो. वांग यीशंग ती देतो. नंतर कथेचा निवेदक, जो त्याचा मित्र आहे, त्याला एक कोरा मोहरा दाखवतो. तो क्षणभर ओळखतही नाही, आणि मग घशातून आवाज फुटून आईला हाक मारत रडतो. इतक्या माणसांसमोर इतकं जिंकल्यावर त्याला बोलायचं असतं ते एका गेलेल्या बाईशी.

समीक्षकांनी या कथेत ताओ विचार शोधला आहे. तो आहेच. पण मला ती आधी आई-मुलाची कथा वाटते. पट त्यांच्यामध्ये नसता तर त्या दोघांना एकमेकांशी काय बोलता आलं असतं? दारिद्र्यानं दोघांची तोंडं शिवलेली होती. त्या दोन सेनापतींसारखंच आहे हे. उघडं समोरासमोर येता येत नाही, मध्ये काहीतरी लागतं.

वेईची या दुसऱ्या खेळाला तर जुन्या चिनी परंपरेत नावच तसं पडलं आहे. आपण हा खेळ 'गो' या जपानी नावानं ओळखतो: एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेघा, 361 छेद, काळे आणि पांढरे दगड. चौथ्या शतकातल्या एका बौद्ध भिक्षूनं त्याला 'हातांचं बोलणं' म्हटलं. आजही चिनी भाषेत वेईचीला हा शब्द आहे. त्याच काळातल्या एका सरदारानं त्याला 'बसल्या जागचा एकांतवास' म्हटलं होतं. पण ज्या एकांतवासाला समोर दुसरा माणूस लागतो तो कसला एकांतवास? मी भिक्षूच्या बाजूचा आहे.

आता माहजाँगकडे वळतो, कारण खटला त्याच्यावरच आहे. हा चौघांचा खेळ, चार दिशांना चौघं. ज्यांना रमी येते त्यांना तो पटकन कळेल. हातात तेरा टाइल्स, चौदावी आली की चार संच आणि एक जोडी जमते आणि डाव लागतो. फरक असा की प्रत्येकानं टाकलेली टाइल टेबलावर सगळ्यांसमोर पडलेली राहते. शेजारणीच्या हातात काय आहे ते दिसत नाही, पण तिनं काय सोडलं ते दिसत राहतं. माणूस काय सोडतो यावरून त्याला ओळखायचं, हे या खेळाचं सूत्र आहे, आणि कथाकारांना यापेक्षा चांगलं हत्यार कुठलं मिळणार?

2018 च्या 'क्रेझी रिच एशियन्स' या चित्रपटात याच सूत्रावर एक प्रसंग बेतला आहे. मूळ कादंबरीत तो नाही, चित्रपटासाठी नव्यानं लिहिलेला आहे. अमेरिकेत वाढलेली रेचल सिंगापूरच्या श्रीमंत घरातल्या मुलावर प्रेम करते. त्याची आई एलेनॉर तिला सून म्हणून नाकारते. दोघी माहजाँगच्या टेबलावर समोरासमोर बसतात. रेचलच्या हाती आठ बांबूंची टाइल येते. तिचा डाव लागलेला आहे. एलेनॉरलाही नेमकी तीच टाइल हवी आहे हे तिला ठाऊक आहे. ती टाइल टाकते. एलेनॉर ती उचलून जिंकते. मग रेचल आपल्या टाइल्स उघड्या करते आणि उठून जाते. मुलानं मागणी घातली होती, मी नकार दिला, कारण मी होकार दिला तर तो आईला गमावेल, हे ती बोलली आहेच. पण बोलण्यावर एलेनॉरचा विश्वास बसला नसता. टेबलावर उघडी पडलेली तेरा टाइल्सची रांग तिला खोटी म्हणता येत नाही. मान राखून हरणं म्हणजे काय, हे घरच्या मोठ्या बाईला दाखवायला त्या मुलीकडे दुसरी भाषाच नव्हती.

एमी टॅनच्या 1989 च्या 'द जॉय लक क्लब' या कादंबरीची सुरुवातही एका टेबलापाशी होते. युद्धाच्या दिवसांत, ग्वेलीनमध्ये, जपानी फौजा जवळ येत असताना एक तरुण बाई तीन मैत्रिणींना जमवून दर आठवड्याला माहजाँग मांडते. मरणाची वाट पाहत बसण्यापेक्षा हसू या, एवढाच विचार. पुढे ती अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला येते, तिथे पुन्हा चौघींचं टेबल उभं करते. ती वारल्यावर तिच्या मुलीला त्या रिकाम्या जागेवर, पूर्व दिशेच्या खुर्चीवर बसायला सांगितलं जातं. मुलीला आई फारशी कळलेली नाही. खुर्चीवर बसल्यावर ती हळूहळू कळू लागते, बाकीच्या तिघींच्या तोंडून.

इथे एक घरची आठवण आल्यावाचून राहत नाही. माझ्या आत्याचे यजमान लष्करात होते आणि आमच्या घरात माहजाँग आला तो तिच्यामुळे. छावण्यांतल्या अधिकाऱ्यांच्या बायकांमध्ये हा खेळ पिढ्यान् पिढ्या रुळलेला आहे. देवळालीला असताना ती एका टेबलावर बसायला शिकली: एक पंजाबी, एक मल्याळी, एक कुमाऊंची आणि ही सदाशिव पेठेतली. एकमेकींची भाषा धड येत नव्हती. आत्या सांगायची, यजमान सीमेवर होते आणि महिना-महिना पत्र यायचं नाही, तेव्हा कुणी कुणाला धीर देणारं काही बोलायचं नाही. फक्त संध्याकाळी चौघी जमायच्या. एखादीच्या घरून पत्र आलेलं असलं तर तिच्या टाइल टाकण्यातला हलकेपणा बाकीच्या तिघींना कळायचा. पन्नास वर्षांनंतरही त्या चौघींपैकी जी हयात होती तिच्याशी आत्या फोनवर बोलायची. त्या संध्याकाळचे तास मोजले तर बरेच भरतील.

आता आक्षेप. ते खरे आहेत म्हणून टाळत नाही. माहजाँगनं घरं बुडवली आहेत. पैसा टेबलावर आला की समोरचा माणूस दिसेनासा होतो, त्याच्या खिशातली रक्कम दिसू लागते. द्यूतसभा ज्यांनी लहानपणापासून ऐकली आहे त्यांना हे कुणी समजावायला नको. पणाला लावता लावता धर्मराजाला समोर बसलेला शकुनी दिसेना, आणि शेवटी द्रौपदीही दिसली नाही. चिनी साहित्यानंही हे लपवलेलं नाही. आयलीन चांगच्या 1970 च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'वासना, सावधान' या कथेची सुरुवात जपानी अमलाखालच्या शांघायमधल्या एका माहजाँगच्या टेबलापाशी होते. बड्या अधिकाऱ्यांच्या बायका खेळताहेत, दिव्याखाली बोटांतले हिरे चमकताहेत, आणि त्यांच्यातली एक तरुण बाई खोट्या नावानं, यजमानिणीच्या नवऱ्याला मृत्यूच्या सापळ्यात ओढण्यासाठी बसलेली आहे. आंग लीनं 2007 मध्ये त्यावर चित्रपट केला तेव्हा हे टेबल त्यानं फार बारकाईनं टिपलं. इथे कुणी कुणाचं नाही. टेबल माणसं जोडतंच असं नाही, ती एकमेकांना किती फसवताहेत तेही तिथेच दिसतं.

दुसरा आक्षेप मला यापेक्षा जास्त टोचतो. टेबलाशी बसायला मिळतं कुणाला? अठराव्या शतकातल्या 'लाल हवेलीतलं स्वप्न' या महाकादंबरीत घरातल्या चार बहिणींच्या खास दासींची नावं चार कलांवरून ठेवली आहेत: वीणा, वेईची, लेखन, चित्र. त्यातल्या वेईचीवरच्या दासीचं नाव सछी, म्हणजे पट सांभाळणारी. याच कादंबरीत म्याओयू ही संन्यासिनी या बहिणींपैकी शीछुनसोबत वेईची खेळत बसलेली असताना कादंबरीचा नायक पाओयू तिथे येतो, आज आपण मठाबाहेर कशा म्हणून सहज विचारतो, आणि म्याओयूचा चेहरा लाल होतो, ती मान खाली घालून पटाकडे पाहत राहते. व्रतानं बांधलेल्या बाईच्या मनात काय आहे ते त्या खाली गेलेल्या नजरेत येतं. सुंदर प्रसंग आहे. पण सछीनंही प्रेम केलं, आणि ते उघडकीला आल्यावर तिला बागेतून हाकलून देण्यात आलं. मालकिणींच्या मनातली गोष्ट पट झाकून ठेवतो. पट उचलून ठेवणारीला तो आडोसा मिळत नाही. खेळाभोवतीच्या नात्यांबद्दल हळवं होताना ही दासी मी विसरू इच्छित नाही.

आणि म्हणूनच मला वाटतं की टेबल मोडणं हा उपाय नाही, टेबलं वाढवणं हा आहे, आणि तीही अशी की जिथे सछीला बसता येईल. पैशाचा प्रश्न कायद्यानं वेगळा काढता येतो. चीनच्या सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये, सरकारी वकिलांच्या सर्वोच्च संस्थेसोबत, हे स्पष्ट केलंच आहे: नफ्याचा हेतू नसलेला, किरकोळ हार-जितीचा करमणुकीचा खेळ हा जुगाराचा गुन्हा नाही, आणि फक्त जागेचं रास्त भाडं घेणाऱ्या खेळघरांनाही गुन्हेगार धरायचं नाही. इतकी शहाणी रेघ हाताशी असताना युशानसारख्या ठिकाणी ती पुसण्याचा मोह होतो, याचं मला दुःख वाटतं. आपल्याकडे 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मी त्या बंदीच्या बाजूचा आहे, आणि कारण तेच. मोबाइलवर रात्री दोन वाजता रमी खेळणाऱ्या पोरासमोर माणूसच नसतो. तो किती हरला हे पाहून 'आता पुरे' म्हणणारं कुणी नसतं. जिथे समोरचा माणूस नाहीसा केलेला आहे तिथे खेळातला सगळा खर्च उरतो आणि जमा शून्य होते.

माणूस नाहीसा होण्याचा दुसरा एक प्रकार जास्त प्रतिष्ठित आहे. तो म्हणजे खेळाला फक्त बुद्धीचं यंत्र मानणं. चीनमध्ये आज मुलांना वेईचीच्या शिकवण्यांना घालण्याची मोठी लाट आहे. दर्जाच्या परीक्षा, प्रमाणपत्रं, एकाग्रता वाढते, गणित सुधारतं. दिव्या देशमुखच्या विश्वचषकानंतर आपल्याकडे बुद्धिबळाच्या वर्गांबाहेर जी रांग लागली आहे तीही मी आनंदानं पाहतो, पण त्या रांगेतले पालक प्रश्न विचारतात ते मानांकनाचे. तुला तिथे मित्र मिळाला का, हा प्रश्न मी अजून ऐकलेला नाही.

2016 च्या मार्चमध्ये सोलला ली सेडोल हा वेईचीचा महान कोरियन खेळाडू अल्फागो या संगणक-प्रणालीशी पाच डाव खेळला आणि 4-1 असा हरला. पुढच्या वर्षी वूजनला चीनचा तरुण को ज्ये तिन्ही डाव हरला. आता माणसानं खेळायचं तरी कशाला, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. सोलमध्ये ली सेडोलच्या समोरच्या खुर्चीवर एक माणूस बसलेला होता. त्याचं नाव आजा हुआंग, मूळ तैवानचा, अल्फागो घडवणाऱ्यांपैकी एक. पडद्यावर जी खेळी येई ती तो दगडानं पटावर ठेवायचा. त्याचे हात होते आणि विचार दुसऱ्याचा.

आता हीच मांडणी एका कथेत पाहा. होत्ता युमी यांनी लिहिलेल्या 'हिकारू नो गो' या जपानी चित्रकथेवर चीननं 2020 मध्ये मालिका केली. त्यात शी ग्वांग नावाच्या आजच्या काळातल्या मुलाला जुन्या पटातून छू यिंगचा आत्मा भेटतो. हा दक्षिण लिआंग राजवटीतला, दीड हजार वर्षांपूर्वीचा खेळाडू आहे. छू यिंगला हात नाहीत. तो खेळी सांगतो, मुलगा दगड ठेवतो. हात एकाचे, विचार दुसऱ्याचा, अगदी सोलसारखंच. पण इथे काही दिवसांतच मुलाला वाटू लागतं की हा दगड मला स्वतः ठेवायचा आहे. गुरूला कळतं की याला वाट मोकळी करून दिली तर आपली वेळ संपणार. तो हेवा करतो, रुसतो, शिकवतो आणि एक दिवस नाहीसा होतो. मुलगा खेळणंच सोडतो. मग पुढे कधीतरी पटावर दगड ठेवताना त्याला त्या खेळीत गुरू दिसतो. ज्याला तो सगळीकडे शोधत होता तो त्याच्या स्वतःच्या हातात येऊन राहिलेला असतो.

हातांचं बोलणं म्हणतात ते हे. यंत्र माणसापेक्षा चांगलं खेळतं हे मी मान्य करतो, आणि खेळाडू त्याच्याकडून शिकताहेत हेही चांगलंच आहे. पण सोलच्या त्या खोलीत अत्यंत सुंदर खेळी झाल्या तेव्हा ली सेडोलनं मान वर करून कुणाच्या चेहऱ्याकडे पाहायचं होतं? समोर बसलेल्या माणसालाही ती खेळी का, हे ठाऊक नव्हतं. 2019 मध्ये ली सेडोल निवृत्त झाला. ज्याला कधीच हरवता येणार नाही असं काहीतरी आता जगात आहे, हे कारण त्यानं दिलं. मला त्या कारणात हरण्यापेक्षा एकटेपणा जास्त ऐकू येतो.

म्हणून मागणी करायची तर ती फार लहान गोष्टीची करतो. चीनमधल्या कित्येक बागांत दगडी टेबलं आहेत, त्यांच्या माथ्यावर श्यांगछीचा पट कोरलेला, भोवती दगडी बैठका. सकाळपासून म्हातारे जमतात, दोघं खेळतात, बाकीचे बघतात. बघताना बोलू नये तो खरा सभ्य, अशी त्यांची म्हण आहे, आणि ती कुणीही पाळत नाही. शान सा या लेखिकेच्या 2001 च्या फ्रेंच कादंबरीत मांचुरियातल्या एका गावच्या चौकात अशाच टेबलांवर एक चिनी शाळकरी मुलगी आणि वेश बदलून आलेला जपानी सैनिक रोज वेईची खेळतात. एकमेकांचं नावही न विचारता. त्यांचा शेवट भयंकर आहे. पण शत्रू देशांतली दोन माणसं समोरासमोर बसू शकली ती त्या चौकात सगळ्यांसाठी ठेवलेल्या दगडी टेबलामुळे.

आपल्या बागांतले बाक पाहा. ओळीनं मांडलेले, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, पाठीवर देणगीदाराचं नाव. शेजारी शेजारी दोन म्हातारे तासभर बसतात आणि समोरच्या रस्त्याकडे बघतात. त्यांच्यामध्ये ठेवायला काही नाही. नगरपालिकेनं चार बाकांच्या जागी दोन टेबलं समोरासमोर बसवली आणि वर चौसष्ट घरं कोरली तर त्याला किती खर्च येईल? वेरूळच्या रामेश्वर लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत, तेव्हा दगडात पट कोरणं आपल्याला नवं नाही.

हू शीच्या हिशेबाकडे परत येतो, कारण त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. त्याची बायको च्यांग तुंगश्यू माहजाँगची जबरी शौकीन होती. तैवानमध्ये उतारवयात तो ज्या सरकारी निवासात राहत होता तिथे खेळ मांडू द्यायचा नाही अशी जुनी शिस्त होती, आणि ती मोडणं त्याला पटत नव्हतं. म्हणून आपल्या एका विश्वासू माणसाला बोलावून त्यानं सांगितलं की शहरात एखादं घर विकत घेण्यासाठी बघ. बायकोच्या मैत्रिणी पुष्कळ आहेत, त्यांना खेळायला येता आलं पाहिजे.